तिची गाठ उजळली

पुण्यातल्या त्या कर्करोग रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर गाठ उजळली की पेढे वाटत. ही पद्धत कुणी पाडली ते सांगता येत नाही. विनया बर्गे तिथं दाखल झाली त्या दुपारी शेजारच्या खाटेवरच्या बाईंच्या नणंदेनं तिच्या हातावर पेढा ठेवला, तेव्हा तिला वाटलं, कुणाच्या तरी घरी मूल जन्मलं असेल.

"आमच्या वहिनींची उजळली," नणंद म्हणाली. "तुमची कधी बघणार?"

"उद्या."

"उजळेल हो. दहातल्या आठ-नऊ जणींची उजळतेच."

विनयाची उजळली नाही.

ती साताऱ्याची. पन्नाशीला टेकलेली, पोवई नाक्याजवळ मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवणारी. हमरस्त्यावर गाड्या आपल्या आपण धावायला लागून काही वर्षं झाली होती, पण घाटात आणि गल्लीबोळात अजून माणसालाच चाक धरावं लागे, आणि परवान्याची परीक्षाही सुटली नव्हती. त्यामुळं तिचा धंदा तगून होता. ती बोलायची कमी आणि बघायची जास्त. शिकणाऱ्या बाईच्या खांद्याकडं पाहूनच तिला कळायचं, ही आता घाबरून भलताच पाय दाबणार. आणि ती आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून तयार राहायची.

डॉक्टर मुजावर तिच्या खाटेशी खुर्ची ओढून बसले. मूळचे मिरजेचे, चाळिशीतले, सावकाश बोलणारे.

"काल तुम्हाला सुईतून जे दिलं ना, ते कार्बनचे कण होते," ते म्हणाले. "इतके बारीक, की तुमच्या एका केसाच्या जाडीत दहा-पंधरा हजार शेजारीशेजारी मावतील. त्यांच्यावर ठरावीक प्रकाश टाकला की ते चमकतात. ती चमक आपल्या डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसते. टॉर्चवर तळहात धरला की लाल उजेड मांसातून बाहेर येतो बघा, तशी ही चमक पोटातून बाहेर येते."

"पण कणांना गाठ कुठं आहे हे कसं कळतं?"

"त्यांना नाही कळत. गाठच त्यांना ओढून घेते. आम्ही प्रत्येक कणावर फॉलिक ॲसिड हे जीवनसत्त्व चिकटवतो. बीजांडकोशाच्या कर्करोगाच्या पेशी वाढायच्या घाईत असतात, त्यांना ते हवंच असतं. ते पकडायला त्यांच्या अंगावर जणू हात फुटलेले असतात, साध्या पेशीवर असतात त्याच्या कितीतरी पट जास्त. फॉलिक ॲसिडच्या आशेनं त्या आमचा कणही गिळतात आणि पकडल्या जातात. मग ऑपरेशनच्या वेळी मोहरीएवढा ठिपकासुद्धा लपत नाही. जिची गाठ उजळते तिचं सगळं निघतं, म्हणून हल्ली आम्ही अशा बऱ्याच जणींना केमोसुद्धा देत नाही."

"आणि माझी?"

"तुमच्या गाठीच्या पेशींना ते हात नाहीत. काहींना नसतात." डॉक्टरांनी खुर्ची आणखी जवळ ओढली. "आपण जुन्या पद्धतीनं करू. डोळ्यांनी बघून, बोटांनी चाचपून. मग केमो. त्यानंही बायका बऱ्या होतात, विनयाताई. आणखी एक. तुमच्या आईंना हाच आजार होता आणि तुमच्या रक्तात तोच जनुकीय दोष सापडलाय. तुम्हाला बहीण आहे ना? तिला तपासून घ्यायला सांगा. लवकर."

बहीण होती. चारुता, तिच्याहून सहा वर्षांनी लहान.

चारुता सूत्रसंचालन करायची. लग्नातले संगीत कार्यक्रम, दुकानांची उद्घाटनं, साखर कारखान्यांचे समारंभ. साताऱ्यापासून कोल्हापूरपर्यंत तिला मागणी होती. ती मंचावर आली की मागच्या रांगेतली माणसंही फोन खाली ठेवायची. आई म्हणायची, "चारू हसली की घरात दिवा लागतो." विनया हसली की काय होतं, हे आईनं कधी सांगितलं नाही. आईच्या आजारपणात तिचं सगळं अंथरुणात विनयानं केलं, आणि शेवटच्या दिवसांत आई विचारत राहिली, "चारू आली का गं?" चारू तेव्हा कोल्हापुरात युवक महोत्सवात बक्षीस घेत होती. विनया हे कधी कुणाजवळ बोलली नाही. पण विसरलीही नाही.

तिनं बहिणीला फोन केला. चारुता रडली, दुसऱ्याच दिवशी पुण्याला येऊन ताईजवळ बसली, रक्त देऊन गेली. तिच्यातही तोच दोष निघाला, आणि बारकाईनं तपासल्यावर वाटाण्याएवढी गाठही निघाली.

चारुताची गाठ उजळली.

विनयाच्या केमोचा तो चौथा महिना होता. डोक्याला रुमाल बांधून ती बहिणीच्या खोलीत गेली, तेव्हा चारुता उशीला टेकून बसली होती. केस मोकळे, दाट, खांद्यावर पसरलेले. मेहुणे पेढ्यांचा बॉक्स घेऊन दारात उभे होते.

"ताई, हे बघ." चारुतानं फोन पुढं केला. काळ्या पडद्यावर हिरवा, लखलखीत ठिपका होता, आणि त्याच्या आजूबाजूला चार-दोन बारके. "चांदण्यासारखं दिसतंय ना? मुजावर सर म्हणाले, एकेक टिपून काढला. केमोसुद्धा नको म्हणाले."

"छान," विनया म्हणाली.

"तुझ्यामुळं वाचले मी. तुला झालं नसतं तर मला कळलंच नसतं."

हे चारुता अगदी मनापासून म्हणाली. विनयालाही ते कळत होतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. तिच्या तोंडातल्या फोडांमुळं पेढा चावता येईना. तो तसाच गालात धरून ती जिन्यानं खाली उतरली. देवानं गाठ देतानाही डावं-उजवं केलं, असं तिच्या मनात आलं. एकाच आईच्या पोटी जन्मलो, एकच दोष घेऊन आलो, आणि तरी हिच्या वाट्याला उजळणारी आली. दुसरीच्या कर्करोगाचा हेवा करणारी बाई जगात आपण एकटीच असू, असं वाटून तिला स्वतःची किळस आली. पण जळणं काही थांबलं नाही.

विनयाही बरी झाली. फक्त तिचं बरं होणं चारुतासारखं नव्हतं. उजळणाऱ्या बायकांना वर्षातून एकदा कण टोचून पोटाभोवती कॅमेऱ्याचा पट्टा फिरवत. पडदा काळा राहिला की झालं. विनयाला मात्र तीन-तीन महिन्यांनी रक्त, सीटी स्कॅन, आणि निकाल येईपर्यंत झोप नाही.

रुग्णालयाच्या वर्धापनदिनाला सूत्रसंचालन अर्थातच चारुतानं केलं. समारोपाला तिनं स्वतःची गोष्ट सांगितली. ती गोष्ट अशी सांगितली, की पहिल्या रांगेतल्या मंत्र्यांनीही डोळे पुसले.

"माझ्या ताईची गाठ उजळली नाही," ती म्हणाली, "पण तिच्या अंधारानं मला उजेडाची वाट दाखवली. ताई इथंच आहे. ताई, उभी राहा ना."

विनया उभी राहिली. नुकतेच बोटभर वाढलेले पांढरे केस, सैल झालेला ब्लाउज. सभागृहानं टाळ्या वाजवल्या. ती हात जोडून खाली बसली, आणि शेजारी बसलेल्या नवऱ्याला, विक्रमला, हळूच म्हणाली, "मला घरी घेऊन चला."

"जेवण आहे ना?"

"घरी चला."

वर्ष उलटत आलं तेव्हा चारुतानं नवी गाडी घेतली आणि ताईकडंच शिकायचं ठरवलं. "दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही मी," ती म्हणाली. पहाटे फिरायला जाणाऱ्यांची गर्दी ओसरली की दोघी कोरेगाव रस्त्याला निघत. विनयाची गाडी, चाकाशी चारुता, शेजारी विनया. चारुता गाडी चालवतानाही बोलत असायची. नव्या साड्या, मुंबईचा एक कार्यक्रम, नवऱ्याचा नोकरीतला बदल. विनया तिचे हात बघायची, पाय बघायची. सवयच होती.

त्या बघण्यातच एका सकाळी तिला दिसलं. सिग्नलला गाडी थांबली की चारुता सीटबेल्टचा खालचा पट्टा अंगठ्यानं पुढं ओढून धरायची, ओटीपोटापासून दूर. नव्या माणसाला पट्टा काचतो, पण तो खांद्याला. पोटाला नाही. मग कोरेगावात थांबल्यावर तिनं मिसळ मागवली आणि अर्ध्यावर प्लेट सारली. "पोट भरलं बाई, हल्ली दोन घासांतच भरतं." परतीच्या वाटेवर तिला लघवीसाठी दोनदा थांबावं लागलं.

विनयाला हे ओळखीचं होतं. स्वतःचं सगळं अगदी असंच सुरू झालं होतं. पट्टा, अर्धं जेवण, सारखं बाथरूमला जाणं. तेव्हा तिनंही ॲसिडिटी म्हणून गोळ्या खाल्ल्या होत्या.

आणि त्याच क्षणी, भीतीच्या अगदी लगत, दुसरं काहीतरी मनात येऊन बसलं. जिवाला गार वाटलं. आता हीसुद्धा. आता दोघी सारख्या.

ती काही बोलली नाही.

बोलू, उद्या बोलू, असं तिनं ठरवलं. पण त्याच संध्याकाळी विक्रम फोन हातात घेऊन स्वयंपाकघरात आले. "चारूचा मेसेज आहे. वर्षाची तपासणी झाली, पडद्यावर एक ठिपका नाही. पेढे घेऊन येते म्हणतीय."

"बरं झालं," विनया म्हणाली. यंत्राला नाही दिसलं तर मी कोण सांगणारी? तिनं मनाची समजूत घातली आणि भाजी परतत राहिली. पण पुढच्या फेरीला पुन्हा तेच दिसलं. कुर्ता पोटावर घट्ट झाला होता आणि चेहरा मात्र बारीक. चारुता आरशात बघून म्हणाली, "गाल बसले बघ, छान दिसतंय ना?" विनयानं मान हलवली.

तिची स्वतःची तपासणी आली. रक्त देऊन झाल्यावर ती मुजावरांच्या समोर बसली.

"डॉक्टर, उजळलेली गाठ परत आली, तर परत उजळतेच का?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "हा प्रश्न आम्हालाच हल्ली पडायला लागलाय. परदेशातून दोन-तीन घटना कानावर आल्यात." त्यांनी समोरच्या कागदावर बरेच छोटे गोल काढले, त्यांतले बहुतेक पेनानं रंगवले, एक कोरा ठेवला. "हे रंगवलेले उजळतात. आम्ही ते सगळे काढतो. हा एक कोरा. त्याला ते हात नाहीत, म्हणून तो कण ओढत नाही, म्हणून आम्हाला दिसत नाही. तो राहिला आणि वाढला, तर त्याच्यापासून होणारी सगळी पिलावळ कोरीच. काय उजळतं ते आम्ही निवडून काढलं, म्हणजे मागं काय राहिलं असेल? पडदा काळा दिसेल आणि आम्ही म्हणू, बाई बरी आहे."

"मग कळणार कसं?"

"तुमच्यासारखं. रक्त, सीटी. तुम्ही कुणाबद्दल विचारताय?"

विनयाच्या ओठांवर नाव आलं होतं.

"असंच," ती म्हणाली.

बाहेर पायऱ्यांवर ती बराच वेळ बसून राहिली. आपण आत्ता काय केलं हे तिला स्वच्छ कळत होतं. आता यंत्राचं निमित्त उरलं नव्हतं. यापुढं ती गप्प राहिली तर ते फक्त जळण्यापायी असणार होतं. आत त्या कोऱ्या गोलासारखं काहीतरी वाढत होतं, चारुताच्या पोटात एक आणि तिच्यात दुसरं, आणि दोन्ही कुठल्याच कॅमेऱ्यात येणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोरेगाव रस्त्याला गाडी लागल्यावर ती म्हणाली, "चारू, तू सीटी करून घे."

"कशाला? तपासणी झाली की."

"ती उजेडाची झाली. साधी करून घे. रक्त पण."

"अगं, काळाकुट्ट पडदा होता. मुजावर सर स्वतः म्हणाले."

"तुझं पोट फुगलंय. जेवण जात नाही. पट्टा ओढून धरतेस. माझं असंच होतं."

चारुतानं समोरून नजर काढली नाही, पण तिचा आवाज बदलला. "ताई, तुला काय हवंय? मला परत व्हावं असं हवंय का?"

विनयानं आपल्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवला.

"मला कळत नाही असं वाटतं तुला? माझ्या गाठीचा फोटो बघताना तुझं तोंड बघितलंय मी. पेढा गालात धरून निघून गेलीस तू. कार्यक्रमातून न जेवता गेलीस. मी बरी झाले हे तुला बघवत नाही. लहानपणापासून तुला माझं काहीच बघवत नाही."

"खरं आहे," विनया म्हणाली.

चारुताचा पाय ब्रेककडं गेला. विनयानं आधीच दाबला होता. गाडी रस्त्याच्या कडेला, एका रसवंतीच्या बंद टपरीसमोर थांबली.

"खरं आहे ते," विनया पुन्हा म्हणाली. "मी जळते तुझ्यावर. आईनं शेवटी तुझं नाव घेतलं तेव्हापासून, त्याच्याही आधीपासून. तुझ्या केसांवर जळले, तुझ्या गाठीवर जळले. म्हणून तर माझं तुझ्यावरून लक्ष हटत नाही. नवरा तुला एवढा बघत नसेल. तू किती घास खाल्लेस ते मला मोजून माहीत असतं. तुझं चांगलं बघताना जसं दिसतं, तसंच हे दिसलं. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, पण माझ्या जळण्यावर तरी ठेव. ते खोटं नाही."

एक ट्रक शेजारून गेला. चारुतानं पट्टा सोडला आणि नकळत हात पोटावर ठेवला.

"कधीपासून दिसतंय तुला?" तिनं विचारलं.

इथं खोटं बोलता आलं असतं.

"मिसळ अर्धी टाकलीस त्या सकाळपासून."

"आणि तू आज सांगतेस."

"हो."

चारुता उतरली. मागं न बघता साताऱ्याच्या दिशेनं चालू लागली. विनयानं चाकाशी बसून गाडी वळवली आणि हळूहळू तिच्या मागून चालवली. हाक मारली नाही, पुढंही गेली नाही. पुलाजवळ चारुतानं रिक्षा थांबवली.

सीटीत गाठ दिसली. लिंबाएवढी, आतड्यालगत. मुजावरांनी खात्रीसाठी पुन्हा कण टोचले, पट्टा फिरवला, पडदा काळाच. सुईनं काढलेला तुकडा तपासला, तर विनयाच्या गाठीसारखा, हात नसलेला. त्यांनी त्याच आठवड्यात सगळ्या उजळलेल्या बायकांना बोलावून रक्त आणि सीटीची तपासणी पुन्हा सुरू केली. त्यांतल्या आणखी एकीचं वेळेवर सापडलं. नव्या कणांवर दुसऱ्या प्रकारची पकड बसवायचं काम कुठंकुठं चाललं होतं, पण ते हाती यायला अवकाश होता. चारुताचं ऑपरेशन बोटांनीच झालं, सहा तास चाललं. निघायचं ते निघालं. "अजून थोडे दिवस गेले असते तर आतडं वाचलं नसतं," मुजावर बाहेर येऊन म्हणाले. "आधी कळलं असतं तर आणखी सोपं गेलं असतं."

विनया मेहुण्यांच्या शेजारी उभी होती. ते वाक्य तिनं खाली मान घालून ऐकलं.

चारुता तिच्याशी बोलेना. विनया डबा द्यायची, मेहुणे रिकामा परत आणायचे, निरोप नसायचा. असे कितीतरी दिवस गेले. मग एका दुपारी, परीक्षेला बसलेल्या दोन मुलींना चौकात यू-टर्न शिकवत असताना, विनयाचा फोन वाजला.

"केस कधी गळायला लागतात?" चारुतानं विचारलं. नमस्कार नाही, ताई नाही.

"दुसऱ्या डोसच्या आसपास. आधीच बारीक कापून घे. उशीवर पुंजके बघायला नको वाटतं."

विनयानं मुलींना खूण करून गाडी कडेला घ्यायला लावली.

"सोमवारी पहिला आहे," चारुता म्हणाली. "यांना सुट्टी नाही."

"मी येते."

सोमवारी केमोच्या वॉर्डात नर्सनं चारुताचा हात हातात घेतला, दोन बोटं टेकवली आणि सुई एका झटक्यात आत गेली. "किती छान शीर आहे हो तुमची," नर्स म्हणाली. "अशी रोज मिळत नाही."

विनयाचे दर वेळी दोन्ही हात निळे करून शेवटी तळहाताच्या मागं शीर सापडायची. तिच्या छातीत जुनी, ओळखीची आग उठली. चारुता तिच्याकडंच बघत होती.

"जळलीस ना?"

"जळले," विनया म्हणाली, आणि पायाशी ठेवलेली शाल उचलून तिच्या गळ्यापर्यंत ओढली. बाटली अर्धी झाली की हुडहुडी भरते, हे तिला माहीत होतं.

"अजून काय काय होतं?" चारुतानं विचारलं.

विनयानं स्टूल जवळ ओढलं आणि सांगायला सुरुवात केली. तोंडाची चव जाते तेव्हा काय खायचं, रात्री पाय वळतात तेव्हा काय करायचं, रडू कुठल्या दिवशी येतं. ती एवढं सलग आयुष्यात कधी बोलली नव्हती. चारुता ऐकत होती. एकदाही मधे बोलली नाही.